याकुशिमा पाच दिवसांत: दमाचं सोडा, पावसाचं बघा

प्रश्न विचारणारे ऐरोलीचे आहेत. नवरा-बायको चाळिशी ओलांडलेले, मुलगी यंदा नववीत जाणार. सह्याद्रीत नेमाने फिरणारं घर. कळसूबाई, माहुली, शिडी घाटाने भीमाशंकर, सगळं झालेलं. मे महिन्याच्या शेवटी जपानला निघालेत आणि त्यातले पाच दिवस याकुशिमा बेटासाठी राखलेत. आखणी अशी: पहिल्या दिवशी दुपारी बोटीतून उतरून शिरातानी उन्सुइक्योचं जंगल, दुसऱ्या दिवशी जोमोन सुगी हा पुराणवृक्ष, तिसऱ्या दिवशी बेटावरचं सर्वांत उंच शिखर मियानौरा-दाके, चौथ्या दिवशी गाडीने बेटाला प्रदक्षिणा आणि रात्री कासवं, पाचव्या दिवशी सकाळची बोट आणि त्याच संध्याकाळी समुद्रापलीकडच्या कागोशिमा शहरातून पुढचं विमान. विचारलंय एवढंच, की "काका, आमच्या फिटनेसला हे झेपेल का? मिसेसचा गुडघा उतारावर थोडा कुरकुरतो."

झेपेल. शिडी घाट चढून आलेल्या माणसाला याकुशिमाची एकही रूढ वाट चढाईच्या दृष्टीने भारी नाही. मी ठाण्यातून गट घेऊन बरीच वर्षं डोंगरात जातोय, याकुशिमालाही नेलेत, आणि तिथे दम लागून मागे फिरलेला आपल्याकडचा माणूस मी पाहिलेला नाही. ओला होऊन, कुडकुडत मागे फिरलेले मात्र पाहिलेत. त्यामुळे तुमचा खरा प्रश्न मी जरा बदलून घेतो: या बेटावर पाच दिवसांत कोरडे दिवस किती मिळतील हे कुणालाच माहीत नसताना, पाचही दिवस गच्च भरून ठेवणं शहाणपणाचं आहे का?

आधी बेटाचा स्वभाव समजून घेऊ. क्यूशू या जपानच्या मोठ्या बेटाच्या दक्षिणेला, समुद्रात जवळजवळ गोल असं हे बेट. क्षेत्रफळ सुमारे ५०५ चौरस किलोमीटर, घेर साधारण १३० किलोमीटर. आणि एवढ्याशा जागेत १,९३६ मीटरचं मियानौरा-दाके उभं आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच डोंगरापेक्षा जवळजवळ तीनशे मीटर उंच शिखर, तेही थेट समुद्रातून वर आलेलं. शेजारून कुरोशिओ हा उबदार सागरी प्रवाह वाहतो. त्यावरची दमट हवा या डोंगरांवर आदळते, वर चढते, थंड होते आणि कोसळते. अरबी समुद्रावरचे ढग सह्याद्रीच्या भिंतीला अडून माथेरान-महाबळेश्वरला पाऊस का पाडतात हे शाळेत शिकलोय, तीच गोष्ट. फरक असा की आपल्याकडे ते चार महिने चालतं, तिथे बाराही महिने. किनाऱ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि आतल्या डोंगरांत आठ ते दहा हजार.

आता तुम्ही म्हणाल, पाऊस काय आम्हाला नवा आहे का? जूनमध्ये येऊरच्या पायवाटेवर नाहीतर खारघरच्या टेकडीवर आपण मुद्दाम भिजायलाच जातो. इथेच गोम आहे. आपला पाऊस कोमट असतो. जुलैत ठाण्यात पंचवीस-सव्वीस अंश असतात, आणि कळसूबाईच्या माथ्यावर वारा सुटला तरी आपण टी-शर्टवर निभावतो, कारण तासाभरात खाली उतरायला लागतो आणि पायथ्याच्या बारी गावात चहा-भजी वाट बघत असतात. सह्याद्रीच्या पावसाळ्याने आपल्याला एक सवय लावली आहे: भिजलं तर भिजलं, चालत राहा. याकुशिमाच्या धारेवर ही सवय अंगाशी येते.

साधा हिशेब करू. शंभर मीटर वर गेलं की तापमान साधारण ०.६ अंशाने उतरतं. मेच्या अखेरीस किनाऱ्यावर बावीस अंश धरले, तर शिखरावर दहा-अकरा. शिवाय सतराशे मीटरच्या पुढे मोठी झाडी संपते; वर गुडघ्या-कमरेएवढा खुरटा बांबू आणि उघडे ग्रॅनाइटचे धोंडे, आडोसा कसलाच नाही. त्यावर वारा. पाणी हवेच्या वीस-पंचवीस पट वेगाने अंगातली ऊब ओढून नेतं. भिजलेला सुती टी-शर्ट घालून दहा अंशांत वाऱ्यात दोन तास चाललात की बोटं ऐकेनाशी होतात, सॅकची क्लिप उघडत नाही, माणूस चिडचिड करायला लागतो आणि मग गप्प होतो. गप्प झाला की समजायचं, प्रकरण गंभीर आहे. थंडीने शरीराचं तापमान उतरायला बर्फ लागत नाही. भर हिवाळ्यात तर तिथे वर बर्फही साचतो.

म्हणून माझा सगळा भर कपड्यांवर. वरती-खाली दोन्ही वेगळ्या भागांचा, शिवणी बंद केलेला खरा रेनसूट हवा. पँट हवीच, आपले लोक जॅकेट चांगलं घेतात आणि खाली ट्रॅक पँटवर जातात. पोंचो वाऱ्यात शिडासारखा फुगतो, तो शिखरावर नको. आत लवकर वाळणारा सिंथेटिक किंवा लोकरी बनियन, त्यावर पातळ फ्लीस, आणि एक पूर्ण कोरडा जोड प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत बांधून सॅकच्या तळाशी. हा जोड मुक्कामाला किंवा संकटातच उघडायचा. जीन्स घरी ठेवा. सॅकच्या रेनकव्हरवर विसंबू नका, पाठीकडून पाणी शिरतंच. आत एक मोठी कचऱ्याची काळी पिशवी अस्तरासारखी लावा, दहा रुपयांत काम होतं. आणि इतकं महाग सामान एका सहलीसाठी विकत घेणं जिवावर येत असेल तर नका घेऊ. बेटावर मियानौरा आणि आनबो या दोन्ही गावांत रेनसूट, बूट, काठ्या, सॅक सगळं भाड्याने मिळतं, आणि मिळतं ते बरं असतं. फक्त मुलीच्या बुटांचा नंबर आधी कळवून ठेवा. बूट नवे घेतलेच तर आधी ठाण्यात दोन महिने वापरा.

आता दुसरा मुद्दा, आखणीचा. तुमच्या वेळापत्रकात दुसरा आणि तिसरा दिवस दोन्ही दहा-दहा तासांच्या चालीचे आहेत, दोन्ही दिवस पहाटे साडेतीनला उठायचं आहे. कोरडा काळ असता तर मी हरकत घेतली नसती. पण यातला एक दिवस पावसाने गेला तर तुमच्याकडे तो हलवायला जागाच नाही, आणि जागा नसली की माणूस नको त्या दिवशी निघतो. "एवढ्या लांब आलोय, आता बघूनच जाऊ." हे वाक्य मी किती ट्रेकर्सच्या तोंडून ऐकलंय! १८ मे २०१९ ला याच बेटावर अतिवृष्टी झाली, डोंगरात जाणाऱ्या रस्त्यावर दरडी आल्या, रस्ता खचला आणि तीनशेच्या आसपास लोक वरती अडकले. त्यांना सुखरूप खाली आणलं, पण रात्र वर काढावी लागली. तारीख लक्षात घ्या, तुमच्या तारखांच्या आगेमागेच आहे.

तेव्हा माझा सल्ला: पाच दिवसांत मोठी चाल एकच ठरवा. तिच्यासाठी दोन सलग दिवस मोकळे ठेवा आणि हवामान बघून त्यातला बरा दिवस उचला. उरलेला दिवस आपोआप सुट्टीचा किंवा लहान भटकंतीचा होतो. आणि परतीच्या विमानाआधी एक रात्र कागोशिमात काढाच. वेगवान बोट दोन ते तीन तासांत पोचवते, मोठी फेरी चार तास घेते, पण समुद्र खवळला की वेगवान बोटी आधी रद्द होतात. संध्याकाळच्या विमानावर सकाळच्या बोटीचा भरवसा ठेवणं म्हणजे २६ जुलैला लोकल धरून विमानतळ गाठायला निघणं. कागोशिमातली ती रात्र फुकट जात नाही; समोरच खाडीत साकुराजिमा ज्वालामुखी धुमसताना दिसतो.

मग मोठी चाल कोणती? हे खरंच परिस्थितीवर आहे.

जोमोन सुगी हे बहुतेकांचं उत्तर. सुगी म्हणजे जपानी देवदारासारखं सूचिपर्णी झाड. एरवी ते चार-पाचशे वर्षं जगतं. इथे ग्रॅनाइटवर मातीचा पातळ थर, अन्न कमी, त्यामुळे झाड अत्यंत सावकाश वाढतं, लाकडात राळ दाटते, आणि राळेमुळे ते कुजत नाही. हजार वर्षं पार केलेल्या झाडालाच तिथे याकुसुगी म्हणतात. त्याहून लहान ते पोर. जोमोन सुगी १९६६ साली लोकांच्या नजरेत आलं. खोडाचा घेर १६.४ मीटर, उंची सुमारे २५ मीटर. वयाबद्दल अंदाज २,१७० वर्षांपासून ७,२०० वर्षांपर्यंत आहेत, कारण खोड आतून पोकळ आहे आणि सगळी वर्तुळं मोजता येत नाहीत. सात हजारांचा आकडा फलकांवर आणि पत्रकांत मिरवतो, मी त्यावर फार भर देत नाही. दोन हजारही कमी आहेत का?

वाट आराकावापासून सुरू होते, जाऊन-येऊन २२ किलोमीटर, दहा तास धरा. मार्च ते नोव्हेंबर खासगी गाड्या तिथवर सोडत नाहीत. आनबोजवळच्या याकुसुगी संग्रहालयापासून पहाटे पाचच्या सुमारास डोंगराची बस निघते आणि तिचं तिकीट आदल्या दिवशीच घेऊन ठेवायचं असतं. म्हणून मुक्काम मियानौराऐवजी आनबोत करा, पहाटेची अर्धा तास झोप वाचते. पहिले आठ किलोमीटर जुन्या ट्रॉलीच्या रुळांवरून आहेत. नेरळ-माथेरानच्या रुळांवरून चाललेल्यांना स्लीपरचं अंतर पावलाशी कसं जुळत नाही ते ठाऊक असेल. इथे बऱ्याच भागात रुळांच्या मधोमध फळ्या टाकल्यात, त्यामुळे चाल सोपी पण कंटाळवाणी होते. फळ्या ओल्या असल्या की निसरड्या, आणि काही पुलांना कठडे नाहीत. रुळांच्या या भागात, वारा नसेल तर, छत्री सगळ्यात उत्तम.

वाटेत कोसुगिदानी लागतं. १९२३ ते १९७० पर्यंत इथे लाकूडतोड्यांची वसाहत होती, ऐन भरात पाचशेहून जास्त माणसं, शाळा, दुकानं. आता शाळेच्या पायऱ्या आणि शेवाळ. घाईत पुढे जाऊ नका, इथे दहा मिनिटं बसा. कारण या जंगलाची गोष्ट अस्पर्श अरण्याची नाहीच. एदो काळापासून, म्हणजे सतराव्या शतकापासून, इथली झाडं तोडली, छपराच्या फळ्या पाडल्या, त्याच फळ्या करापोटी भरल्या. जे आज प्रचंड वृक्ष म्हणून उभे आहेत ते बरेचसे वाकडेतिकडे, गाठींचे, फळ्यांना निरुपयोगी म्हणून सुटलेले. पुढे विल्सनचं खोड येतं: तोडलेल्या झाडाचा १३.८ मीटर घेराचा बुंधा, आत खोलीएवढी पोकळी आणि झरा. १९१४ मध्ये अर्नेस्ट विल्सन या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याची ओळख जगाला करून दिली. आतून वर बघितलं तर एका कोपऱ्यातून आकाश बदामाच्या आकाराचं दिसतं, आणि त्या फोटोसाठी रांग लागते. तुमची मुलगी रांगेत उभी राहणारच, वेळ धरून ठेवा.

रूळ संपले की शेवटचे अडीच किलोमीटर खरी चढण. मुळं, शिड्या, लाकडी पायऱ्या. चढण सुरू होते तिथेच शेवटचं शौचालय. सकाळी दहापर्यंत या टप्प्याला पोचला नाहीत तर मागे फिरा, असं तिथे सांगतात आणि मी ते पाळतो. झाड लाकडी मंचावरून, थोड्या अंतरावरून बघायचं असतं. मुळांवरची माती माणसांच्या पायांनी निघून गेली म्हणून ही व्यवस्था आहे. काहींची इथे निराशा होते. मिठी मारायला आलेत की काय कोण जाणे.

मिसेसच्या गुडघ्याचा प्रश्न इथेच येतो. त्रास तीव्र उतारावर होत असेल तर तो उतार फक्त त्या अडीच किलोमीटरचा आहे. दोन काठ्या आणि गुडघ्याचा पट्टा घेऊन सावकाश उतरलं की पुढे सपाट रूळ. पण त्रास लांब चालल्यावर होत असेल तर उलटा प्रकार, कारण सपाट भाग परतीला संपता संपत नाही. हे घरी तपासता येतं. येऊरच्या पाटोणपाड्याच्या बाजूने सकाळी निघून सहा-सात तास न थांबता चालून बघा, मग दुसऱ्या आठवड्यात प्रबळगडाला ठाकूरवाडीहून जाऊन या. कोणत्या दिवशी गुडघा बोलला ते पाहा. आणि त्यानुसार ठरवा, माझ्या अंदाजावर जाऊ नका. हाडांच्या डॉक्टरांना एकदा दाखवलेलं बरं.

मियानौरा-दाके एका दिवसात करायचं तर योदोगावाच्या पायथ्यापासून १६ किलोमीटर, पुन्हा नऊ-दहा तास. सुरुवातच १,३६० मीटरवर होते, त्यामुळे चढ कमी वाटतो. पण वाट सतत वर-खाली आहे आणि परतीलाही चढ लागतो. वाटेत हानानोएगो हा पाणथळ माळ, मग बांबूची धार, मग शिखर. दिवस मोकळा मिळाला तर बेटावरची ही सर्वांत सुंदर चाल, जोमोन सुगीपेक्षा मी हिला वर ठेवतो. अडचण पोचण्याची: बस योदोगावापर्यंत जात नाही, अलीकडे किगेनसुगीपर्यंतच, आणि तीही पहाटेच्या उपयोगाची नाही. गाडी किंवा टॅक्सी हवी. आणि ढग असतील तर हा दिवस सरळ सोडा. धुक्यात शिखरावरून दिसतो फक्त आपलाच रेनकोट.

जोमोन आणि शिखर दोन्ही जमवायची खरी रीत म्हणजे दोन दिवसांची आडवी चाल. योदोगावाहून चढायचं, शिखर ओलांडून शिन-ताकात्सुकाच्या झोपडीत मुक्काम, सकाळी गर्दी यायच्या आत जोमोन सुगी, आणि आराकावा किंवा शिरातानीकडे उतरायचं. पण ही झोपडी म्हणजे चार भिंती आणि फळ्या. माणूस नाही, जेवण नाही, आरक्षण नाही. आधी येईल त्याला जागा, त्यामुळे तंबू सोबत हवा. झोपायची पिशवी, स्टोव्ह, जेवण पाठीवर. गॅसचा डबा विमानात चालत नाही, बेटावर विकत घ्या. वर वापरायला शौचाच्या पिशव्या मिळतात. वापरलेली पिशवी आपल्याच सॅकमधून खाली आणायची. मुलीला हे आधी सांगा, वर गेल्यावर नको. तुम्ही दोघंच असता आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर असता तर मी हीच चाल सुचवली असती. नववीतली मुलगी, दुखरा गुडघा आणि मेची अखेर, या तिन्ही गोष्टी एकत्र असताना नको.

महिन्याबद्दलही बोलू, कारण ते अजून तुमच्या हातात आहे. एप्रिलच्या शेवटापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जपानमध्ये सलग सुट्ट्या, बोटी आणि खोल्या भरलेल्या. मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला पावसाळा लागतो तो जुलैच्या मध्यापर्यंत. ऑगस्ट-सप्टेंबर वादळांचे. म्हणजे मेचा दुसरा आणि तिसरा आठवडा ही वसंतातली त्यातल्या त्यात बरी फट. मेअखेरीला एक मोठं आमिष आहे, धारेवरची ऱ्होडोडेंड्रॉनची गुलाबी-पांढरी फुलं. पण ती पावसासकटच येतात. शाळेच्या सुट्टीत बसवायचं तर दिवाळीची सुट्टी माझ्या मते सर्वांत चांगली. कासवं मात्र तेव्हा नसतात. मुलीला कासवंच बघायची असतील तर मे-जुलैला पर्याय नाही. नागाता गावच्या इनाकाहामा किनाऱ्यावर लॉगरहेड जातीची कासवं अंडी घालायला येतात. वेळासला जसं गावकऱ्यांच्या नियमाने बघतो तसंच इथेही: नोंदणी करून, वाटाड्याबरोबर, टॉर्च-फ्लॅश बंद. रात्री आपल्या मनाने किनाऱ्यावर उतरायचं नाही.

पाऊस पडतच राहिला तर काय? तर शिरातानी उन्सुइक्यो. मुद्दाम पावसात बघावं असं ते ठिकाण आहे. खडक, मुळं, बुंधे सगळं शेवाळाने मढलेलं आणि ओलं असतानाच ते हिरवं पेटतं. वर ताइकोइवा या कातळापर्यंत जाऊन-येऊन चार-पाच तास. मात्र ओढे फुगले की वाट बंद करतात, आणि बंद म्हणजे बंद. खारघरच्या पांडवकडा धबधब्याला पोलिसांचा फलक असतानाही बाजूच्या पायवाटेने घुसणारी मंडळी आपण पाहिलीत. तो उद्योग तिथे नको. ग्रॅनाइटवर पाणी मुरत नाही, ओढा तासाभरात गुडघ्यावरून छातीपर्यंत येतो. तसा प्रसंग आलाच तर याकुसुगी लँड हा पर्याय ठेवा. नावावरून बागेतले पाळणे आठवतील, पण आहे ते हजार मीटर उंचीवरचं खरं जंगल, अर्ध्या तासापासून अडीच तासांपर्यंतच्या आखलेल्या वाटा असलेलं. आजी-आजोबा बरोबर असते तर मी सगळ्यात आधी इथे नेलं असतं.

आणखी एक युक्ती. बेटाच्या मधोमध डोंगर असल्याने उत्तरेला मियानौरात धो-धो कोसळत असताना दक्षिणेला हिराउचीला ऊन असू शकतं. सकाळी दोन्ही बाजूंचं हवामान बघून निघा. त्यासाठी गाडी हवी, आणि गाडी आपल्याला सोयीची आहे, कारण जपानमध्येही डावीकडूनच चालवतात. आंतरराष्ट्रीय परवाना निघण्याआधी आपल्या आरटीओतून काढायचा, तुमचं काम नवी मुंबईच्या कार्यालयात होईल. मूळ लायसन्सही बरोबर ठेवा. पश्चिमेच्या अरुंद जंगलरस्त्यावर बस जात नाही. तिथे माकडं रस्त्याच्या मधोमध एकमेकांच्या उवा काढत बसलेली असतात आणि हरणं बाजूला चरत असतात. १९९३ साली जागतिक वारसा ठरलेला भाग इथे थेट समुद्रापर्यंत उतरतो. हॉर्न वाजवू नका, खायला घालू नका. येऊरच्या माकडांना वडापावची चटक कुणी लावली ते आपल्याला माहीत आहे. त्याच फेरीत ८८ मीटरचा ओहको धबधबा होतो.

दमल्या पायांसाठी हिराउचीला समुद्रातच गरम पाण्याची कुंडं आहेत, ओहोटीच्या आगेमागे दोन-दोन तासच उघडी पडतात. वज्रेश्वरी-गणेशपुरीची सवय असलेल्यांना कल्पना नवी नाही. पण तिथे स्त्री-पुरुष एकत्र आणि अंघोळीचे कपडे घालून उतरायला मनाई, तेव्हा नुसते पाय सोडून बसायचं की काय ते घरात आधी ठरवा.

जेवणाचं विचारलं नाहीत, पण सांगतो. मासे खात असाल तर उडता मासा बेटाची खासियत, पंखांसकट तळून येतो. घरात कुणी शाकाहारी असेल तर तिथल्या साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही माशाचा अर्क असतो, हे धरून चला. चालीच्या दिवशीचा डबा आदल्या दिवशी सांगितला तर गावातली दुकानं पहाटे तयार ठेवतात. तरीही माझ्या सॅकमध्ये थालीपीठ नाहीतर ठेपले, दाण्याची चटणी आणि गूळ-शेंगदाण्याचे लाडू असतातच. थंडीत दर तासाला दोन घास पोटात गेले की अंग तापलेलं राहतं. मांसाचे पदार्थ आणि ताजी फळं इथून नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. पाण्याची चिंता नको, वाटेवर झरे भरपूर. रोख येन जवळ ठेवा. डोंगराच्या देखभालीसाठी माणशी दिवसाचे १,००० आणि मुक्कामाला २,००० येन ऐच्छिक वर्गणी घेतात, ती द्यावी.

वाटाड्या घ्यायचा का? जोमोन सुगीला वाट चुकण्यासारखी नाही, गरज नाही. पण इंग्रजी बोलणारा मिळाला तर मुलीसाठी घ्या, तोडलेल्या बुंध्यावर दुसरं झाड आणि त्यावर तिसरं कसं उगवतं हे तो थांबून दाखवतो, आपण एकटे असलो की पुढे निघून जातो. असे वाटाडे थोडे आहेत, दोन-तीन महिने आधी ठरवावे लागतात. प्रवास विमा काढताना त्यात ट्रेकिंग वगळलेलं नाही ना, ते बारीक अक्षरांत वाचा.

तुमच्या जागी मी असतो तर पहिल्या दिवशी आनबोला उतरून फक्त सामान भाड्याने घेतलं असतं, बसचं बघितलं असतं आणि लवकर झोपलो असतो. दुसरा-तिसरा दिवस जोमोन सुगी आणि शिरातानी, क्रम हवामान ठरवेल. चौथा दिवस गाडीने प्रदक्षिणा, कासवं. पाचव्या दिवशी दुपारची बोट आणि रात्र कागोशिमात. शिखर या खेपेला नाही. चौथ्या दिवशी पहाटे आकाश स्वच्छ असेल आणि तुमच्यातला एक जण ताजातवाना असेल तर त्याने वाटाड्याबरोबर योदोगावाहून जाऊन यावं, बाकी दोघांनी समुद्रकिनारा गाठावा. पण तो वाटाडा आधी ठरवलेला हवा आणि गाडी एकच आहे, तेव्हा टॅक्सीचंही बोलून ठेवा. तारखा नक्की झाल्या की आधी कागोशिमाहून पुढचं विमान एक दिवस पुढे ढकला, बाकीचं नंतर.